सीपॅप मशीन की जबड्याचं उपकरण?
झोपेत श्वास अडकणाऱ्या मोठ्या माणसापुढे बहुधा हे दोन पर्याय येतात. सीपॅप मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. तासाला 30 हून जास्त वेळा श्वास अडखळत असेल, तर माझं मत सरळ त्याच्याच बाजूने. पण गालावर पट्ट्यांचे वळ, कोरडा घसा, मध्यरात्री झोपेतच ओढून फेकलेला मास्क... कपाटात पडून राहिलेलं मशीन काय कामाचं?

दंतवैद्याने मापाने बनवलेलं उपकरण खालचा जबडा पुढे धरतं. खिशात मावतं, वीज लागत नाही. सौम्य-मध्यम त्रासात चालतं. सकाळी जबडा अवघडतो, वर्षानुवर्षांच्या वापराने दातही किंचित सरकू शकतात.

लहान मुलांचं गणितच वेगळं. तिथे आधी टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) वाढलेत का ते बघतात. ते काढल्यावर बऱ्याच मुलांचं घोरणं थांबतं.