बारा इंची ग्रो बॅग, नऊ महिन्यांनंतर: झाडं पास, भोकं नापास

झाडं लावायची ही एचडीपीई प्लास्टिकची हिरवी पिशवी सगळ्यांनी पाहिलेली आहे, माप-जाडी सांगत बसत नाही. फेब्रुवारी ते ऑक्टोबर, गच्चीवर पाच पिशव्या: कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा, पानओवा.

आधी भोकं. तळाला चारच, तीही पेन्सिलीएवढी. पिशवी स्लॅबवर टेकली की चारही बंद. मे संपेपर्यंत हे कळत नाही. बेळगावात पावसाची झड लागली की आठ दिवसांत कळतं. मुळं गुदमरून कुजतात, पानं पिवळी पडून माना टाकतात, आणि पाणी कमी पडलं समजून माणूस वर आणखी एक तांब्या ओततो. विकणाऱ्याचा सल्ला काय, तर तळाला खडी घाला. खडी घातली की पाणी तिच्या वरच्या मातीत अडकतं, शिवाय मातीची जागा जाते ती वेगळीच. फुकटातला इलाज असा: खिळा पकडीत धरून गॅसवर लाल करायचा आणि तळापासून बोटभर वर, कडेनं आठ भोकं पाडायची. तापल्या खिळ्यानं कड वितळून बसते. कात्री लावली तर धागे सुटतात. पिशवीखाली दोन विटा. पैसे पूर्ण मोजायचे आणि भोकं गिऱ्हाइकानं पाडायची!

कोकोपीटला, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाला, मार्चमध्ये पाच तारे दिले होते, ते मागे घेतले. उन्हाळ्यात उत्तम, पावसात ओला बोळा. आता दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं मुरलेलं शेणखत आणि कोकोपीट अर्धंच. कोकोपीटची दाबलेली वीट भिजवून दोनदा धुवायची, तिच्यात खार असतो.

कोथिंबिरीसाठी बियाण्याचं पाकीट घेऊ नका. डब्यातले धणे चालतात, फक्त भाजलेले नकोत. लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. आठ-बारा दिवसांत कोंब, चाळीसेक दिवसांत कापणी. दर पंधरवड्याला मूठभर पेरलं की जुडी विकत आणावी लागत नाही. एप्रिलच्या उन्हात फुलावर जाते. उपटू नका, हिरवे कोवळे धणे चटणीत वाटा.

पुदिना जुडीतल्या काड्यांवर फुकट येतो. पानाखाली विटकरी पूड दिसली तर तो तांबेरा, बुडापासून कापून टाका. कढीपत्त्याची पानं ओरबाडू नका, शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतात. कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती अळी, चिमटीनं काढा. गवती चहाला काही करावं लागत नाही.

पानओवा निव्वळ भज्यांसाठी लावला होता, पण पाचांत पहिला नंबर त्याचा. कन्नडमध्ये दोड्डपत्रे. पेरभर काडी खोचली की जगते, पाणी मात्र माती सुकल्यावरच. तंबळी, म्हणजे ताकातलं गार कालवण, करून बघा: दहा-बारा पानं, अर्धा चमचा जिरं, चार मिरी तुपात परतायची, पानं मऊ पडून रंग उतरेपर्यंत. गार झाल्यावर दोन चमचे ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटून वाटीभर दह्याच्या ताकात मिसळायचं, मीठ घालायचं. पुन्हा गरम करू नका, ताक फुटतं.