शालेय बाद फेरीच्या लाइव्ह प्रक्षेपणाची वर्गणी: एका हंगामाचा अनुभव

माझ्या मुलीच्या शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची सेक्शनल फायनल, म्हणजे राज्य स्पर्धेआधीचा शेवटचा सामना. पाचवा सेट, १३-१३ आणि लाइव्ह प्रक्षेपणाचं चित्र गोठलं. मी स्वतः हॉलमध्ये होते, पण साताऱ्याला पहाटे साडेपाचपासून फोनसमोर बसलेल्या आईला काहीच दिसेना. लगेच तिचा फोन, "काय झालं गं? जिंकल्या का आपल्या?" दुसऱ्या दिवशी पैसे परत मागितले, तर प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं की रेकॉर्डिंग उपलब्ध आहे, पैसे परत मिळणार नाहीत. म्हणून अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या आणि इतरत्रच्याही मराठी पालकांसाठी हे सविस्तर लिहितेय.

आमच्या शाळेचे साखळी सामने शाळेच्याच यूट्यूब चॅनलवर फुकट दिसतात. बाद फेरी लागली की सगळं या कंपनीच्या पैसेवाल्या सेवेवर जातं. बाहेरगावचे सामनेही तिथेच असतात, म्हणून मी ऑगस्टपासूनच वर्गणी भरतेय.

माझा खरा राग पडद्याच्या कोपऱ्यातल्या गुणपट्टीवर, म्हणजे स्कोअर दाखवणाऱ्या पट्टीवर आहे. कॅमेरा आपोआप फिरणारा, माणूस नाही, कॉमेंट्री नाही, हे एकवेळ चालेल. व्हॉलीबॉलचं मैदान लहान असतं, सगळं चौकटीत मावतं. पण गुण चुकीचे? हॉलच्या फलकावर १९-१७ आणि पट्टीवर अजून १४-१२! कधी सेट बदलला तरी पट्टी आधीच्याच सेटवर. शाळेच्या फुकट प्रक्षेपणात अकरावीची दोन मुलं हा आकडा हाताने बदलतात, प्रत्येक खेळाडूचं नाव घेऊन बोलतात, आणि त्यांचा गुण एकदाही चुकलेला मी पाहिला नाही. आईला नियम फारसे कळत नाहीत. तिला कळतो तो आकडाच. तोच चुकला तर तिने पाहायचं काय?

सुरुवातीला मला ही वर्गणीच लूट वाटायची. मग थोडं वाचलं आणि मत बदललं. २००८ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटनच्या पोस्ट-क्रेसेंटसह गॅनेट कंपनीच्या वृत्तपत्रांनी शालेय बाद फेरीतले चार अमेरिकन फुटबॉल सामने शुल्क न भरता इंटरनेटवर दाखवले. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०११ मध्ये सातव्या सर्किटच्या संघीय अपील कोर्टाने राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूआयएएच्या बाजूने निकाल दिला. बातमी द्यायला सगळे मोकळे, पण अख्खा सामना थेट दाखवायचा तर संघटना पैसे मागू शकते. बाद फेरीच्या तिकिटांवर या संघटनांचं बरंच चालतं, त्यामुळे प्रेक्षक घरी बसण्याची त्यांची भीती खरी आहे. याच भीतीपोटी अमेरिकेच्या १९६१च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यात १९६६ मध्ये हायस्कूल फुटबॉललाही संरक्षण मिळालं, म्हणूनच तर शरदातल्या शुक्रवारी संध्याकाळी एनएफएल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीग, सहसा सामने ठेवत नाही.

तेव्हा शुल्क असावं, हे मला आता पटतं. पण महिन्याचंच का? बाद फेरीत एक हार म्हणजे घरी. पहिल्याच रात्री संघ हरला तरी महिन्याचे पैसे गेले, आणि बंद करायला विसरलात तर पुढच्या महिन्याचेही. एका सामन्याचं तिकीट ठेवा, मी आनंदाने काढेन. साताऱ्याची आजी काही ग्रीन बेला स्टेट स्पर्धा बघायला येणार नव्हती. तिच्यामुळे हॉलमधली एकही खुर्ची रिकामी राहत नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली: जुने सामने साठवलेले राहतात. आईने उपांत्य सामना शेजारच्या काकूंना बोलावून पुन्हा पाहिला, नातीची प्रत्येक सर्व्हिस थांबवून थांबवून. त्यासाठी दिलेल्या पैशांचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

मुलींच्या बास्केटबॉलची बाद फेरी फेब्रुवारीअखेर लागते. तेवढ्यापुरती आईसाठी वर्गणी घेईन आणि शेवटची शिट्टी वाजली की त्याच रात्री रद्द करेन. गाडीने पोचता येईल त्या प्रत्येक सामन्याला आम्ही तिकीट काढून जाणार आहोत. गुणपट्टीची तक्रार लेखी पाठवली आहे. तुमच्याकडेही आकडा चुकत असेल तर तुम्हीही पाठवा.