गिरणीवरची तयार भाजणी: पोरांच्या हातची थालीपिठं जमतात का?

नाशकात तयार भाजणी दोन ठिकाणी हमखास मिळते. एक पिठाच्या गिरणीवर, वजनकाट्याशेजारी पिशव्या रचलेल्या असतात तिथे. दुसरी, डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शन लागलं की बचत गटांच्या स्टॉलवर. हे परीक्षण गिरणीवरच्या अर्ध्या किलोच्या पिशवीचं, आणि तेही एकाच कसोटीवर: लहान मुलांना सोबत घेऊन रात्रीचं जेवण उरकायचं तर ही भाजणी साथ देते का?

देते, पण दळण बघून घेतलं तरच. चिमूटभर भाजणी बोटांत चोळा. किंचित रवाळ लागली पाहिजे. बऱ्याच गिरण्यांवर ती पोळीच्या गव्हाइतकी बारीक दळलेली असते, आणि त्यात गहूही सढळ हाताने घातलेला असतो. अशा पिठाचं थालीपीठ चिवट होतं, गार झाल्यावर तर चामड्यासारखं ओढून तोडावं लागतं. मग जिभेवर ठेवून बघा. कच्चट लागली तर धान्यं एकत्र भाजलेली आहेत. बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद प्रत्येक वेगळं भाजायचं असतं. एकाच कढईत घातलं की तांदूळ करपतो आणि डाळ आतून कच्ची राहते. चांगल्या भाजणीला पिशवी उघडताच धन्यांचा खमंग वास येतो. कडवट, तेलकट वास आला तर बाजरी खवट झाली, परत करा.

प्रमाण चार जणांचं, म्हणजे दोन मोठे आणि दोन लहान. दोन वाट्या भाजणी (साधारण 250 ग्रॅम), दोन मध्यम कांदे अगदी बारीक चिरून, मूठभर कोथिंबीर, एक चमचा तीळ, अर्धा चमचा ओवा, पाव चमचा हळद, एक चमचा तिखट (मुलं लहान असतील तर अर्धाच), चवीपुरतं मीठ. पाणी आधी पाऊण वाटी, मग हात ओला करत लागेल तसं. यात आठ थालीपिठं होतात. म्हणजे अर्ध्या किलोत दोन वेळचं जेवण निघतं. सोबत दही किंवा लोणी असलं की भाजीची गरज पडत नाही.

खरी गडबड कांदा करतो. मीठ लागलं की त्याला पाणी सुटतं, आणि मुलं थापायला वेळ घेतात. तिसऱ्या थालीपिठाला घट्ट असलेला गोळा सहाव्याला हाताला चिकटायला लागतो. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून डिसेंबरात लाल कांदा आणला असेल तर जास्तच, कारण तो ओला असतो. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा त्यामानाने बरा वागतो. उपाय सोपा आहे. कांदा आणि मीठ वगळून बाकी सगळं कोरडं कालवून ठेवायचं, आणि चार-चार थालीपिठांपुरतंच भिजवायचं. तरीही सैल झालंच तर वरून मूठभर भाजणीच घाला. कणीक घातली की पुन्हा तो चिवटपणा आला.

कामं वयाप्रमाणे वाटा. चार-पाच वर्षांचं पोर कोथिंबीर खुडेल, वाटीने भाजणी मोजेल. सहा-सात वर्षांचं भिजवेल आणि थापेल. कांदा दहाच्या पुढच्याकडे, तोही आधी अर्धा करून, सपाट बाजू पाटावर टेकवून द्यायचा. अख्खा कांदा सुरीखाली घसरतो.

थापायला सुती रुमाल ओला करून घट्ट पिळून घ्या. कोरडा राहिला तर पीठ धरून ठेवतो, पाणी गळत असलं तर थालीपीठ उचलताना फाटतं. मुलांची थापायची पद्धत ठरलेली: मध्ये डोंगर, कडेला कागद. कडा जळते, पोट कच्चं राहतं. त्यांना सांगायचं की बोटं मधून बाहेर सरकवायची, कडेला आलं की थांबायचं. जाडी पोळीच्या दुपटीहून थोडी जास्त. मग मध्ये एक आणि भोवती चार भोकं. हे काम कोणीच सोडायला तयार नसतं, भांडण लागतं! भोकं केवळ नक्षीची नाहीत. त्यांतून सोडलेलं तेल खाली पोचतं आणि मधला जाड भाग शिजतो.

रुमाल तापलेल्या तव्यावर पालथा घालणं हे मोठ्यांचंच काम. तेही मुलांना करायचं असेल तर गार तव्याला तेल लावून त्यावरच थापू द्या आणि मग तवा गॅसवर चढवा. यासाठी दोन तवे आलटून पालटून लागतात. घाईने गरम बिडाच्या तव्यावर पाणी ओतून तो गार करू नका, तडकतो.

मध्यम आंच, भोकांत आणि कडेने मिळून चमचाभर तेल, वर झाकण, तीन-चार मिनिटं. कडा सुटून तव्यावर थालीपीठ हलायला लागलं की उलटा, आणि दुसरी बाजू झाकण न ठेवता दोन मिनिटं. मोठ्या आंचेवर वरून काळं आणि आतून पिठूळ निघतं. हा दोष भाजणीचा नाही.

आता तक्रार. पिशवीवर दळल्याची तारीख क्वचितच असते, आणि काय काय घातलंय हेही लिहिलेलं नसतं. शेंगदाणे किंवा तीळ न चालणारं मूल घरात असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. तिखट-मीठ मिसळलेली भाजणी असते, तेही विचारून घ्या, नाहीतर मीठ दुप्पट पडतं. बचत गटाची भाजणी सहसा महाग पडते, पण दळण बहुधा रवाळ मिळतं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा किलोच घ्या, घट्ट डब्यात भरा आणि महिनाभरात संपवा. एप्रिल-मेमध्ये डबा फ्रिजमध्ये ठेवा.