बोलेरोत बसवलेले तीन मीटर: देवास नाक्यावरील एका ऑटो इलेक्ट्रिक दुकानाचे परीक्षण

इंदूरमध्ये सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम आणि रंगीत दिवे बसवून देणारी दुकाने जागोजागी आहेत. परंतु ऑइल प्रेशर, पाण्याचे तापमान आणि बॅटरीचे व्होल्टेज दाखवणारे वेगळे मीटर नीट बसवून देणारा माणूस शोधावा लागतो. या कामाचा अवघड भाग बॉनेटखाली, तेलाच्या आणि पाण्याच्या वाटेवर असतो आणि तेथे सजावटीच्या दुकानांचा हात चालत नाही. आमच्या जुन्या डिझेल बोलेरोचे हे काम मी देवास नाक्याकडच्या एका छोट्या दुकानात करून घेतले. तेथे मुख्यतः ट्रकांची इलेक्ट्रिकची कामे होतात.

आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरात राहतो आणि नर्मदाकाठच्या बडवाह-ओंकारेश्वरकडे आमचे नेहमी जाणे-येणे असते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर, तर नर्मदेचा काठ बराच खाली. त्यामुळे परतताना वाटेतल्या भेरूघाटाची चढण भर उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीने, खालच्या गिअरमध्ये चढावी लागते. अशा वेळी कंपनीने दिलेल्या काट्यावर फारसे विसंबता येत नाही. अनेक गाड्यांमध्ये तापमानाचा काटा मुद्दामच असा ठेवलेला असतो की, पाणी 80 अंशांवर असो वा 100 अंशांच्या जवळ, तो मध्यावरच उभा राहतो आणि हलतो तेव्हा पाणी उकळायला आलेले असते. तेलाच्या लाल दिव्याचे तर याहून वाईट आहे. तो साधारणपणे दाब अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचे एकक) खाली गेल्यावरच लागतो, म्हणजे बेअरिंगला इजा होऊ लागल्यावर.

मीटर व्हीडीओ कंपनीचे, 52 मिलिमीटर व्यासाचे घेतले. काळ्या तबकडीवर पांढरे आकडे असल्याने उन्हातही ते स्पष्ट वाचता येतात. मीटर आणि सेन्सर एकाच जातीचे असावे लागतात, ही बाब खरेदीच्या वेळी फार कमी दुकानदार सांगतात. व्हीडीओच्या नेहमीच्या प्रेशर सेन्सरचा रोध दाब वाढेल तसा 10 ओहमपासून 180 ओहमपर्यंत वाढत जातो, तर अमेरिकी पद्धतीच्या सेन्सरचा रोध शून्य दाबाला 240 ओहम असतो आणि दाबाबरोबर 33 ओहमपर्यंत उतरतो. एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या मीटरला जोडला, तर काटा उलटा चालतो आणि इंजिन बंद असतानाही भरपूर दाब दाखवतो. दुकानातल्या इलेक्ट्रिशियन काकांनी डबा उघडताच प्रथम सेन्सरचा रोध मल्टिमीटरने मोजला, तेव्हाच काम योग्य हाती पडल्याची माझी खात्री झाली.

तापमानाच्या सेन्सरची त्यांनी घेतलेली परीक्षा मला विशेष आवडली. शेजारच्या टपरीवरून उकळत्या पाण्याचे पातेले मागवून, सेन्सरच्या अंगाला अर्थिंगची वायर चिमट्याने लावून, त्यांनी तो पाण्यात धरला. मीटरचा काटा हळूहळू चढत 100 च्या किंचित अलीकडे स्थिरावला. इंदूरच्या उंचीवर पाणी साधारण 98 अंशांवर उकळते, हे त्यांना ठाऊक होते आणि काटा बरोबर 100 वर गेला असता तरच आपल्याला शंका आली असती, असे ते म्हणाले. सेन्सर गाडीत बसवण्यापूर्वी अशी पडताळणी करणारे दुकान मी दुसरे पाहिलेले नाही.

सेन्सर बसवायच्या जागा त्यांनी विचारपूर्वक निवडल्या. रेडिएटरच्या वरच्या रबरी होजमध्ये अडॅप्टर घालून तापमानाचा सेन्सर लावणे सर्वांत सोपे असते; पण ती जागा थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) पलीकडे असल्याने थर्मोस्टॅट उघडेपर्यंत मीटर खोटे समाधान देतो, शिवाय रबरात बसलेल्या अडॅप्टरला अर्थिंग वेगळे द्यावे लागते. आमचा सेन्सर इंजिनच्याच बाजूला, थर्मोस्टॅटच्या अलीकडे बसवला आहे. ऑइल प्रेशरसाठी कंपनीचा स्विच काढून तेथे पितळी टी (तीन तोंडांचा जोड) लावण्याची पद्धत आहे. व्हीडीओचा सेन्सर जड असतो. डिझेल इंजिनच्या थरथराटात त्याचे वजन टीवर राहिले, तर पितळेला तडा जाऊन सारे तेल रस्त्यावर सांडू शकते. म्हणून त्यांनी टीपासून जाळीदार होज काढून सेन्सर बॉडीच्या पत्र्याला क्लॅम्पने घट्ट केला आणि त्याला स्वतंत्र अर्थिंग दिले. कंपनीचा लाल दिवाही चालू राहिला. सेन्सरवर दोन टोके असतात. ‘G’ लिहिलेल्या टोकाला मीटर आणि ‘WK’ लिहिलेल्या टोकाला इशाऱ्याचा दिवा जोडायचा असतो, हेही त्यांनी दाखवून समजावले. नळीतून तेल थेट केबिनमध्ये आणणारे यांत्रिक मीटर मात्र ते बसवतच नाहीत, आणि माझ्या मते हा नकार अगदी योग्य आहे. पायांवर गरम तेल उडण्याचा धोका कोणत्याही अचूकतेसाठी पत्करू नये.

वायरिंगही समाधानकारक आहे. तिन्ही मीटरचा पुरवठा इग्निशननंतरच्या लाइनवरून, वेगळ्या फ्यूजमधून घेतला असून जोड थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबून केले आहेत; पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला एकही जोड मला सापडला नाही. पत्र्यातून वायर आत येते तेथे ती घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट (कडे) आहे.

केबिनच्या आतील कामाविषयी मात्र माझी तक्रार आहे. डॅशबोर्डच्या वर मध्यभागी बसवलेल्या काळ्या पॅनेलची कड एका बाजूला ओबडधोबड कापली गेली आहे आणि खडबडीत रस्त्यावर ते किरकिरते. रात्री तिन्ही मीटरचा प्रकाश समोरच्या काचेत उमटत होता. घाटातल्या अंधारात असे प्रतिबिंब थेट नजरेच्या आड येते. दुसऱ्या खेपेला पॅनेल थोडे खाली झुकवून वर छोटी झडप लावल्यावर तो त्रास गेला, परंतु ही काळजी पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती.

मीटरचा प्रत्यक्ष उपयोग मला भेरूघाटात दिसला. पाणी 88 अंशांवरून 97 कडे सरकू लागले की मी एक गिअर खाली घेतो. इंजिनचे फेरे वाढताच वॉटर पंप जास्त पाणी फिरवतो आणि काटा पुन्हा उतरतो. थंड इंजिनवर तेलाचा दाब चार बारच्या वर असतो, तापल्यावर गाडी उभी असताना दीडच्या आसपास. आपल्या गाडीचा हा नेहमीचा आकडा माहीत असला, की त्यातली घट लगेच लक्षात येते. व्होल्टमीटर चालत्या इंजिनवर 14 च्या आसपास असतो. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही.

ज्यांच्या नव्या गाडीला ओबीडीचे (गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्याचे) सॉकेट आहे, त्यांना तापमान आणि व्होल्टेज एका छोट्या रीडरवर वायर न कापताही पाहता येते. तेलाचा दाब मात्र बहुतेक गाड्यांत तेथून मिळत नाही. वॉरंटीतील गाडीची वायरिंग कापण्याचा आग्रह या दुकानात धरला जात नाही, उलट काका स्वतःच थांबायला सांगतात. विंडस्क्रीनच्या बाजूच्या खांबात पडद्याची एअरबॅग असेल, तर तेथे मीटर लावायलाही ते तयार होत नाहीत.

मजुरी साडेतीन हजार रुपये पडली. होज, टी आणि फ्यूज त्यातच आले, मीटर आणि सेन्सर माझे होते. जाणाऱ्यांनी सकाळी दुकान उघडताच पोहोचावे, कारण दुपारनंतर ट्रकांची रांग लागते आणि पाणी काढण्यासाठी इंजिन पूर्ण थंड व्हावे लागते. कूलंट आपल्या गाडीत आहे त्याच प्रकारचे बरोबर न्यावे. तेथे मिळते ते ट्रकांसाठीचे असते.