हेलरचे जुने अलिझे : डब्यात आहे तसे जोडावे की नव्याने घडवावे?

हेलर या फ्रेंच कंपनीचे ‘ब्रेगे अलिझे’चे १/७२ प्रमाणातील जुने प्लास्टिक किट हाती आले की जोडणाऱ्यापुढे दोन मार्ग उभे राहतात. डब्यात आहे तेवढ्याच सामग्रीतून विमान नीटनेटके उभे करणे हा पहिला मार्ग. दुसऱ्या मार्गात पृष्ठभागावरील उठावाच्या रेषा घासून नव्या कोराव्या लागतात, कॉकपिट नव्याने बांधावे लागते, डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा, बाहेरून मागवावे लागतात आणि जुन्या साच्यातून निघालेल्या भागांना आजच्या किटांच्या बरोबरीला आणावे लागते. एका मार्गाची निवड अख्ख्या किटसाठी एकदम करू नये, ती भागाभागाने करावी, असे माझे मत आहे; कारण या विमानात नजर जिथे ठरते त्या जागा मोजक्याच आहेत आणि श्रम व पैसा तिथेच लागला पाहिजे.

नजर कुठे ठरते हे समजण्यासाठी विमानाची घडण ठाऊक असावी. अलिझे हे विमानवाहू नौकेवरून उडणारे पाणबुडीविरोधी विमान होते. ब्रेगेच्याच ‘व्हल्त्यूर’ या आधीच्या विमानाच्या नाकात टर्बोप्रॉप (पंखा फिरवणारे टर्बाइन इंजिन) आणि शेपटीकडे जेट इंजिन होते. त्यातले जेट काढून त्या जागी पोटातून खाली उतरणारा रडारचा घुमट बसवला गेला आणि ६ ऑक्टोबर १९५६ रोजी अलिझेने पहिले उड्डाण केले. रोल्स-रॉइसचे डार्ट इंजिन, चार पात्यांचा पंखा, तिघांचे दल बसेल असे रुंद कॉकपिट, आणि मुख्य चाके आत ओढून घेणारी पंखांखालची दोन फुगीर आवरणे ही त्याची ओळख. फ्रेंच नौदलात ते २००० सालापर्यंत टिकले. भारतीय नौदलाच्या ३१० क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ते १९६१ मध्ये स्वीकारले. ‘विक्रांत’वरून १९७१ च्या युद्धात त्याचा वापर झाला आणि पुढे गोव्यातील दाबोळीचा ‘हंसा’ तळ हे या स्क्वाड्रनचे घर झाले. बोगमाळोच्या नौदल विमानसंग्रहालयात एक अलिझे आजही पाहता येते, ही मराठी वाचकाच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

सर्वांत जास्त वाद होतो तो रेषांवर, म्हणून तिथे थोडे थांबू. जुन्या साच्यांत पत्र्यांचे सांधे उठावाच्या रेषांनी दाखवलेले असतात, नव्या किटांत ते कोरलेले असतात, आणि कोरलेली रेषा म्हणजे अचूक रेषा असे सरसकट मानले जाते. प्रमाणाचा हिशेब मात्र वेगळे सांगतो. १/७२ मध्ये ०.१ मिलिमीटर उंचीची रेषा म्हणजे खऱ्या विमानावर ७ मिलिमीटरहून उंच वरंबा, पण ०.२ मिलिमीटर रुंदीची कोरलेली रेषा म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरहून रुंद फट, आणि अशी फट घेऊन कोणतेही विमान उडत नाही. दोन्ही केवळ संकेत आहेत. फरक पडतो तो रंगकामात, कारण कोरलेल्या रेषेत पातळ गडद रंग आपोआप उतरतो, तर उठावाच्या रेषेवर कोरड्या ब्रशने फिकट रंग अलगद फिरवावा लागतो. फ्रेंच नौदलाच्या गडद निळसर करड्या रंगावर हा दुसरा परिणाम मला अधिक सौम्य आणि खरा वाटतो.

कोरण्याच्या कामाला लागणारा वेळही लक्षात घ्यावा. सरळ पंखावर जाड चिकटपट्टीचा आधार घेऊन सुई हलक्या हाताने तीन-चारदा ओढली की रेषा उमटते. पण चाकांच्या आवरणांच्या गोलाईवर पट्टी घसरते, सुई भरकटते, आणि भरकटलेली रेषा पुट्टीने भरून पुन्हा कोरताना प्लास्टिक व पुट्टी यांच्या कठीणपणातला फरक कडेला जाणवतो. ज्याने याआधी एखाद्या साध्या किटवर रेषा कोरलेल्या नाहीत, त्याने अलिझेपासून आरंभ करू नये.

पहिल्या मार्गाची अडचण सांध्यांपाशी येते. धडाचे दोन अर्ध जोडल्यावर पाठीवरचा सांधा घासताना आजूबाजूच्या रेषाही जातात. त्यावर जुना आणि खात्रीचा उपाय असा : सांध्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून घासण्याची जागा अरुंद ठेवायची, आणि जेवढी रेषा गेली असेल तेवढ्यापुरता स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) तुकडा मेणबत्तीवर तापवून केसाएवढा ओढलेला तंतू पातळ सिमेंटच्या, म्हणजे प्लास्टिक जोडण्याच्या द्रवाच्या, एका थेंबाने बसवायचा. सिमेंट पुरते वाळल्यावर त्यावरून बारीक पॉलिश पेपर एकदाच फिरवला की नवी आणि जुनी रेषा वेगळी ओळखू येत नाही.

कॉकपिटच्या बाबतीत माझा कौल दुसऱ्या मार्गाकडे झुकतो, तोही अर्धाच. पुढे शेजारी-शेजारी दोन आणि मागे एक अशी आसने असल्यामुळे काचेतून बरेच आत दिसते, आणि पट्ट्यांशिवायची रिकामी आसने लगेच खटकतात. आसनांचे पट्टे, उपकरणांचा फलक आणि मागील जागेतील दोन-चार पेट्या एवढे प्लास्टिकच्या पत्र्यातून केले तरी पुरते. त्यापलीकडचे तपशील काच बसल्यावर हरवतात. जुन्या किटची काच जाड असते, तिच्यावर ओरखडे असतील तर ते बारीक पेपरने आणि नंतर पॉलिशने काढावेत, आणि ती बसवताना सुपरग्लूऐवजी पांढरा फेव्हिकॉल वापरावा, कारण सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकट होते. नाकात वजन मात्र दोन्ही मार्गांत भरावेच लागते, नाहीतर प्रतिकृती शेपटीवर बसते, आणि तेही धड चिकटवण्यापूर्वी. मासेमारीच्या गळाचे शिसे यासाठी उत्तम.

पंख दुमडलेले दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. उघड्या पंखांचा १५.६० मीटरचा विस्तार प्रतिकृतीत सुमारे २१७ मिलिमीटर भरतो, तर दुमडल्यावर तो शंभराच्या आत येतो, म्हणून कपाटाच्या दृष्टीने ही सोय खरी आहे. पण दुमडीच्या जागी उघडी पडणारी आतील रचना, बिजागऱ्या आणि नळ्या खात्रीच्या छायाचित्रांशिवाय करू नयेत.

डिकलच्या बाबतीत मात्र डब्यावर विसंबू नये. वर्षानुवर्षे पडून राहिलेली डिकल पाण्यात टाकताच तुकडे होऊन तरंगतात, म्हणून आधी एखादी बिनकामाची खूण कापून पाण्यात टाकून पाहावी. ती फुटली, तर संपूर्ण पानावर पारदर्शक वार्निशचा थर द्यावा आणि वाळल्यावर प्रत्येक खूण स्वतंत्र कापून घ्यावी. फ्रेंच नौदलाच्या विमानांवरील ओळखीच्या वर्तुळात नांगर असतो. तो हाताने रंगवणे फार अवघड, त्यामुळे फ्रेंच विमान करायचे असेल आणि डब्यातील पान वाया गेलेले असेल, तर नवे पान विकत घेण्याला पर्याय नाही.

भारतीय विमान करणाऱ्याची स्थिती या बाबतीत बरी आहे. बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे अशी साधी वर्तुळे कंपास-कटरने रंगीत डिकल फिल्ममधून कापता येतात. घरच्या इंकजेट प्रिंटरवर पांढरा रंग छापता येत नाही, म्हणून पांढरे कडे वेगळ्या पांढऱ्या फिल्ममधूनच घ्यावे. १९८० च्या दशकात फ्रेंच विमानांचे आधुनिकीकरण होऊन त्यांत ‘इग्वान’ रडार आले. त्या काळातल्या फ्रेंच विमानांची छायाचित्रे पाहून भारतीय प्रतिकृतीवर अँटेना लावू नयेत. बोगमाळोच्या विमानावरून चाकांची ठेवण, आवरणांचा आकार आणि घुमटाची जागा नि:शंकपणे टिपून घ्यावी, परंतु उघड्यावर ठेवलेल्या विमानाला वेळोवेळी नवा रंग द्यावा लागत असल्यामुळे रंगछटेसाठी विमान सेवेत असतानाची छायाचित्रेच प्रमाण धरावीत.