जर्मनीत इंटर्न असताना: डॉइचलांड-टिकेट की इंटररेल?

सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला जर्मनीत येणाऱ्या मुलामुलींना मी आधी डॉइचलांड-टिकेटच (जर्मनीभरच्या साध्या गाड्या आणि शहरी वाहतुकीचा मासिक पास) घ्यायला सांगते. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ६३ झालं. तरी रोजची ट्राम, बस, मेट्रो आणि शनिवार-रविवारची भटकंती एकाच पासात भागते. म्युनिकहून साध्या गाडीने थेट साल्झबुर्ग गाठता येतं, म्हणजे ऑस्ट्रियातही डोकावून होतं! आयसीईसारख्या जलद गाड्यांना मात्र ते चालत नाही. हॅम्बुर्गहून म्युनिकला निघालात तर अख्खा दिवस गाड्या बदलण्यात जातो. आणि परतायच्या महिन्यात १० तारखेच्या आत ते आठवणीने रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात.

इंटररेल या युरोपभरच्या रेल्वे-पासचं काम वेगळं. पासपोर्ट भारतीय असला तरी युरोपात राहत असल्याचा पुरावा असला की तो पास मिळतो. २७ वर्षांपर्यंत सवलतही आहे. पण राहत्या देशात त्यावर बाहेर पडायचा एक आणि परतीचा एक, एवढेच प्रवास. फ्रान्सच्या टीजीव्ही या जलद गाडीला आरक्षणाचे पैसे वेगळे. इंटर्नशिप संपल्यावर प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट एका दमात करायचं असेल, तर मात्र तो जरूर घ्या.