स्पोकन ट्युटोरियलवर मराठीतून कॅल्क: फुकट खरं, पण लॅपटॉप हवा

देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. वाशीच्या बाजारातून पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशोब) आली की पेट्या, दर, हमाली, गाडीभाडं सगळं मी वहीत उतरवायचे आणि मेअखेर बेरजा करत बसायचे. मागच्या पावसाळ्यात आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या व्हिडिओ धड्यांच्या साइटवर लिबरऑफिस कॅल्क, म्हणजे रकान्यांत हिशोब मांडायचं सॉफ्टवेअर, शिकायला घेतलं, तेही मराठीतून.

सॉफ्टवेअर फुकट, धडे फुकट. एकेक धडा साधारण १० मिनिटांचा. स्क्रीनवर सगळं इंग्रजी, आवाज तेवढा मराठी. आधी हे मला अर्धवट वाटलं, पण बरोबरच आहे. उद्या बँकेत नाहीतर ग्रामपंचायतीत बसले तर मेनू इंग्रजीच असणार. अर्ध्या स्क्रीनवर धडा, अर्ध्यावर आपलं कॅल्क. थांबवायचं, करून बघायचं, पुढे जायचं. याआधी एका परदेशी साइटवर ‘फ्री’ कोर्स सुरू केला होता. इंग्रजी इतकं भरभर की दर वाक्याला मागे जायचे, आणि शेवटचा स्वाध्याय उघडायला पैसे मागितले. तिथेच सोडला.

मोबाईलवर धडा बघता येतो, पण हात बसत नाही. पुतण्याचा जुना लॅपटॉप मिळाला म्हणून निभावलं. आमचं घर खाली वाडीत, रेंज वर सड्यावर. संध्याकाळी वर जाऊन फोनवर व्हिडिओ उतरवायचे, घरी येऊन लॅपटॉपवर घ्यायचे. पण अडलं की विचारणार कोणाला? पेट्यांच्या रकान्यात मी ‘१२ पेट्या’ असं लिहीत होते आणि बेरीज येई शून्य. धडा चारदा पाहिला, सूत्र तेच, तरी शून्य. दोन दिवस असेच गेले. शेवटी पुतण्या फोनवर म्हणाला, “काकी, नुसता आकडा लिही. पुढे अक्षर आलं की ते त्याला शब्द वाटतं, बेरजेत धरत नाही.” एवढंच होतं! शेजारी माणूस असता तर दोन मिनिटांचं काम.

यंदाचा सगळा हंगाम शीटवर घेतला. एप्रिलची एक पट्टी ११ पेट्यांनी कमी निघाली. गाडीची पावती दाखवली, पैसे आले. वहीत हे माझ्या कधीच लक्षात आलं नसतं.

आता बचत गटातल्या दोघी “वैनी, माका पण शिकवा” म्हणत दुपारी येतात. एकीला अडलं तर दुसरी सांगते, धडा अर्धवट सुटत नाही. कॉलेजच्या पोरांना मी ‘स्वयं’ ही सरकारी ऑनलाइन कोर्सची साइट पण बघायला सांगते. शिकणं तिथेही फुकट, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं तर फी.

कोणाला सुरू करायचं असेल तर धडे मेमध्येच उतरवून ठेवा. जूनमध्ये आमच्याकडे लाईट गेली की कधी येईल नेम नाही, आणि पावसात सड्यावर फोन घेऊन बसणं कठीण.